लादीच्या मधलं पाणी

बाबा,

सौसरला मी घर बांधलं ते तुम्ही पाहिलं नाही. त्या घराच्या न्हाणीघरात, कोपऱ्यात, सध्या एक पांढरी झाकणाची बादली आहे आणि तिच्यात बिअर होऊन राहिली आहे. हे ऐकून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला असता. बादली पाण्याने अर्ध्या भरलेल्या टबात उभी आहे, तिच्याभोवती जुनं सुती लुगडं गुंडाळलं आहे, लुगड्याचं टोक पाण्यात सोडलं आहे आणि समोर टेबलपंखा चालू आहे. टबात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या तरंगतात, त्या मी सकाळ-संध्याकाळ बदलतो. परवा गुढीपाडवा झाला. बाहेर आताच असं ऊन आहे की अंगणातल्या नळाचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. अक्षय तृतीयेला महिना आहे. तुमच्या नावाची घागर भरू तेव्हा तिच्या बाजूला या बिअरचा एक गिलास ठेवायचा, असं मी ठरवलं आहे. मागच्या वर्षीही ठरवलं होतं, पण दोन्ही खेपा बिघडल्या. तुमची सून म्हणाली आहे, "अवो, या खेपेला नासली तर ही बादली मी भंगारवाल्याले देऊन टाकीन." ती बोलते तसं करते, हे तुम्हाला माहीत आहे.

तुम्हाला वाटेल, या वयात हे खूळ कुठून आलं. तुमची नात हैदराबादला नोकरी करते, तिच्या ओळखीचे लोक घरीच बिअर बनवतात. मी निवृत्त झालो तेव्हा तिने सामान आणून दिलं. म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसते ओट्यावर बसून रस्ता पाहून राहता, काहीतरी करा." घरापुरतीच करायची, विकायची नाही की गावभर सांगायची नाही, एवढं तिच्या आईने कबूल करून घेतलं. खरं कारण मी दोघींनाही सांगितलं नाही. कारण तुम्ही आहात. माझ्या नोकरीचा कागद आला त्या दिवशी तुम्ही तुमच्या बर्फाच्या कारखान्यात बिअरबद्दल म्हणाला होता, "हे बनवतेत कसं, एकदा पायलं पायजे." ते तुमचं पाहायचं राहून गेलं. तेव्हा मीच सांगतो.

सातूला मोड आणून वाळवतात, भरडतात. ते गरम पाण्यात भिजवून गाळलं की गोड पाणी मिळतं. त्यात एका वेलीची कडू सुकी फुलं टाकून उकळायचं. मग ते थंड करून त्यात यीस्ट टाकायचं, म्हणजे खमीर. यीस्ट जिवंत असतं. ते साखर खातं, तिची दारू करतं आणि वायू सोडतं, तो झाकणावरच्या नळीतून बुडबुडत बाहेर जातो. एवढंच आहे. बाकी सगळी भानगड गरमीची आहे. थंड देशांत हे लोक बादली घरात ठेवून विसरून जातात. आपल्याकडे चैत्र-वैशाखात ते जमत नाही. गरमीत यीस्ट पिसाळल्यासारखं काम करतं, दोन दिवसांत सगळं उरकतं आणि जाताना घाणेरडी चव मागे ठेवतं. मागच्या वर्षी पहिली खेप मी कूलरसमोर ठेवली होती. भिंतीवर थर्मामीटर टांगलं होतं, ते चोवीसच्या वर जात नव्हतं म्हणून मी निर्धास्त होतो. बाटली उघडली तेव्हा नेलपॉलिशचा वास आला. सूनबाई तुमची, ती लांबूनच म्हणाली, "हे पिऊन मेले तर मी पोलिसाले काय सांगू?" सगळं संत्र्याच्या झाडाला ओतलं. झाडाचंही काही भलं झालं नाही. दुसऱ्या खेपेचंही तेच झालं.

पोरीला फोन केला. तिने विचारलं, "थर्मामीटर कुठं होतं?" मी सांगितलं, भिंतीवर. ती म्हणाली, "बाबा, खोलीचं नका पाहू. बादलीच्या आत पाहा. यीस्ट स्वतःची गरमी तयार करतं. बाहेर चोवीस असलं तरी आत तीस असू शकतं." हे मला कोणीतरी आधी सांगितलेलं होतं, आणि ते तुम्ही होता.

तुमचा बर्फाचा कारखाना मला आता नीट आठवतो, त्याच्या जागी लग्नाचं लॉन झालं असलं तरी. बाहेर पांढुर्ण्याचा मे महिना, स्टेशनच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि दाराचा पडदा बाजूला केला की अमोनियाचा वास नाकात चढतो आणि घाम जागच्या जागी गार होतो. मिठाच्या पाण्याचा तो मोठा हौद, वर लाकडी फळ्या, फळ्यांखाली पाण्याने भरलेले लोखंडी डबे. तुम्ही फळ्यांवरून चालता तेव्हा फळ्या वाजतात. मला सुट्ट्या लागल्या की तुमचा डबा घेऊन मी येतो आणि घरी परत जायचं टाळतो. गोटमारीच्या दिवशी, नदीच्या दोन काठांवरून दगडफेक होते तेव्हा, तिथे वेगळी गर्दी असायची, पलीकडच्या सावरगावची आणि आपल्याकडची पोरं एकाच रांगेत, डोकी सुजलेली, बर्फ मागायला. तुम्ही दोन्हीकडच्यांना सारखाच तुकडा द्यायचा आणि म्हणायचा, "इथं भांडू नका रे बाप्पा, फळीवरून पाय घसरला तर सीधे हौदात."

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही एकदा चहाला गेला होता. मी हौदातले डबे उचलणाऱ्या क्रेनवाल्या काकांच्या मागे लागलो की एक डबा काढून दाखवा. ते म्हणाले, "अजून झाला नाही रे." मी वाकून पाहिलं. वरून सगळा बर्फ दिसत होता, पांढरा, टणक. मी म्हटलं, झाला तर आहे. काकांना मला नाही म्हणता येत नसे. त्यांनी डबा उचलला, गरम पाण्यात बुडवला, बर्फाची लादी सुळकन बाहेर आली. चांगली दिसत होती. नेमका तेव्हाच सावरगावच्या एका लग्नघरचा माणूस बैलबंडी घेऊन आला होता, त्याने तीच लादी भुशात घालून नेली. तुम्ही परत आलात तेव्हा तो माणूस दाराशी उभा होता. लादी नदीच्या उतारावर फुटली होती आणि आतून पाणी वाहून गेलं होतं. "पोकळ बर्फ देता का लेकहो?" तो ओरडत होता. तुम्ही त्याला दुसरी लादी दिली, पण तोवर पहिली पंगत उठली होती. तो गेल्यावर तुम्ही मला हाताला धरून हौदाजवळ नेलं. मला वाटलं, आता मार बसणार.

तुम्ही फळी उचलली, एका डब्यातल्या बर्फावर टोच्याने घाव घातला. वरचा थर फुटला आणि खाली पाणी डुचमळलं. मळकट पाणी. "पाह्य," तुम्ही म्हणाला. "बर्फ काठाकडून मधात जाते. मधलं पानी सगळ्यात शेवटी जमते, आन् सगळी घान तिथंच गोळा होते. बाहेरून पाहून कळत नाही. मधात काय चालू हाये ते पाह्यलं पायजे." मग नळीने ते मळकट पाणी ओढून काढलं आणि त्या जागी ताजं पाणी भरलं. "असं केलं का लादी काचीवानी निघते." तुमचा आवाज चढला नव्हता. पण शेवटी म्हणालात, "तुह्यामुळे एका लग्नात लोकं गरम पानी प्याले." तेवढं एक वाक्य मला शाळा उघडेपर्यंत पुरलं.

म्हणून यंदा थर्मामीटर बादलीच्या मधात आहे. झाकणाला भोक पाडून स्टीलची बंद नळी आत सोडली आहे आणि तार तिच्या तळापर्यंत गेली आहे. यीस्टला अठरा ते वीस अंश लागतात. सातूचा तो गोड रस तेवढा थंड होईपर्यंत मी यीस्ट टाकलंच नाही. आधी टाकायचं आणि मग थंड करत बसायचं, तर चव तेवढ्यात बिघडते. पहिले तीन दिवस जपायचे असतात, कारण तेव्हाच ते सगळ्यात जास्त तापतं. आज पहिला दिवस संपतो आहे. काटा बावीसच्या जवळ आला आहे आणि वर सरकतो आहे. फ्रिजमध्ये बादली ठेवायला तुमच्या सुनेने साफ नकार दिला. "माह्या फ्रिजात दूध, भाजी आन् तुमच्या बाटल्या. बादली नाही." तिचंही खरं आहे. मी आता बाजारातून बर्फ आणायला जाऊन राहिलो आहे. बाकीचं नंतर लिहीन.

*

मध्ये बरेच दिवस गेले. हा कागद कपाटात होता. त्या दिवशी मी काय केलं ते आधी सांगतो, कारण ते तुमच्या मुलाशिवाय कोणी केलं नसतं.

उसाच्या रसवाल्याकडून मी अर्धी लादी आणली. तरटात गुंडाळून, स्कूटरवर पायाशी ठेवून. लादी मधात पांढरी होती, आता कोणी मधलं पाणी बदलत नाही. ती फोडून टबात टाकली. काटा एकवीसवर आला आणि तिथेच थांबला. मला घाई झाली. आणि मग मला तुमचा हौद आठवला. कारखान्यात गेलं की तुम्ही मिठाची पोती उचलत असायचा. साध्या पाण्याने नाही होत, मिठाच्या पाण्यानेच बर्फ जमतो, हे मला लहानपणापासून माहीत. मी स्वयंपाकघरातून जाड्या मिठाचा डबा आणला आणि सगळा टबात उलटा केला. काटा उतरायला लागला तेव्हा मला फार बरं वाटलं. मी निवांत जेवलो. तासाभराने पाहिलं तर काटा दहाच्या खाली होता आणि नळीतला बुडबुडा थांबला होता. मी कान लावून बसलो. काहीच नाही. बादली गार, गप्प.

तुमची सून दारात आली. "काय झालं?"

"बंद पडलं."

"मीठ कायले टाकलं?"

"बाबा टाकत होते."

"मामंजी बर्फ बनवत होते," ती म्हणाली. "तुम्हाले बर्फ बनवायचा होता का?"

मी टबात हात घातला, बर्फाचे तुकडे बाहेर काढायला. बर्फ आणि मिठाच्या त्या पाण्यात बोटं दुखायला लागली, मग बधिर झाली. आणि मला ती दुपार आठवली, जिच्याबद्दल मी कधी कोणाशी बोललो नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी शहडोलला होतो. वीज खात्यातली नोकरी, जंगलातली लाईन, निरोप उशिरा पोचला. कटनी, इटारसी करत मी पांढुर्ण्याला आलो तोवर दुसरा दिवस उजाडून दुपार झाली होती. वैशाखाची दुपार. मी दारातून आत आलो आणि मला आधी गारवा लागला. घराला कधीही नव्हता तसा गारवा. तुम्ही पुढच्या खोलीत बर्फाच्या लाद्यांवर होता, भोवती भुसा आणि ओलं तरट. आई भिंतीशी बसली होती. क्रेनवाले काका जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "तुह्या बाबासाठी साफ लाद्या काढल्या. मधलं पानी दोन डाव बदललं. पाह्य, एकदम काच हाये." मी पाहिलं. खरंच काच होती. लादीतून पलीकडचं तरट दिसत होतं, त्याचा धागान् धागा. बायका रडत होत्या, कोणीतरी मला म्हणालं, बाबाला हात लाव, जवळ बस. मी बसलो. मी हात पुढे केला आणि लादीवर ठेवला. तुमच्यावर नाही, लादीवर. बोटं बधिर होईपर्यंत तसाच ठेवला. लोकांना वाटलं, मुलगा सुन्न झाला आहे. मी सुन्न नव्हतो. मी त्या लादीत पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, किती चांगली केली आहे. तुम्ही असता तर तुम्हीही आधी तेच पाहिलं असतं. मग उचलायची वेळ झाली.

न्हाणीघरात मी बर्फ काढत होतो तेव्हा हे सगळं एकदम आलं. बादली टबाच्या बाहेर काढली, लुगडं सोडलं, कोरड्या चादरीत गुंडाळली. पोरीला फोन केला. "मेलं ते," मी म्हणालो. "यीस्ट मेलं."

"मेलं नाही बाबा. थंडीत झोपलं. काही करू नका. हळूहळू कोमट होऊ द्या, मग बादली थोडी हलवा."

"थोडी म्हणजे किती?"

"पाळणा हलवतात तेवढी."

"उघडून पाहू का?"

"अजिबात नाही." मग ती हसली. "तुम्ही उघडून पाहणारच, मला माहीत आहे."

मी उघडलं नाही. खुर्ची घेऊन न्हाणीघराच्या दारात बसलो. काटा बारा झाला, चौदा झाला. पाळण्यासारखी बादली हलवली. तुमची सून दोन वेळा येऊन गेली, तिसऱ्या वेळी चहा घेऊन आली आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. भंगाराचं काही बोलली नाही. सतरावर काटा आला तेव्हा नळीत एक बुडबुडा उठला. बऱ्याच वेळाने दुसरा. तिने माझ्या आधी ऐकला. "अवो," ती म्हणाली, "बोललं."

पुढे मीठ नाही, लादी नाही. ओलं लुगडं, पंखा आणि बाटल्या, तेवढंच. काटा वर गेला की एक बाटली टाकायची, खाली आला की काढायची. लाईट गेली की पंख्याऐवजी पुठ्ठ्याने वारा घालायचा, आणि हे काम तिने केलं, मी सांगितलं नव्हतं. पहिला जोर ओसरल्यावर जपायची तेवढी गरज राहिली नाही, मग बाटल्या कमी करत गेलो. बुडबुडे थांबले, रस निवळला, तेव्हा थोडी साखर घालून बाटल्यांत भरलं आणि बाटल्या पलंगाखाली, मातीच्या माठांच्या मध्ये, ओल्या वाळूत ठेवल्या.

आज अक्षय तृतीया. सकाळी घागर भरली. नवी लाल घागर, वाळ्याचं पाणी, वर आंबा. पळसाच्या पत्रावळीवर पुरणपोळी, रस, कुरडई, चिंचवणी. दरवर्षी हे सगळं तुमची सूनच करते आणि मी शेजारी हात जोडून बसतो. यंदा माझ्या हातात बाटली होती. तिची आधी तयारी नव्हती. "घरात कधी प्याले नाही तुमचे बाबा," ती म्हणाली, "आन् आता घागरीजवळ बिअर?" मी म्हटलं, घरात नाही प्यायले, कारखान्यात प्यायले, माझ्यासोबत. हे तिला एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच सांगितलं. ती उठली, आत गेली आणि तुमचा स्टीलचा गिलास घेऊन आली, काठाला चेपलेला. "पानाजवळ नाही," ती म्हणाली. "थोडा बाजूले." मी बाजूला ठेवला. झाकण काढलं तेव्हा चांगला आवाज झाला. फेस वर आला, गिलासाच्या काठाशी थांबला. वास स्वच्छ होता, भाजक्या पोळीसारखा. नेलपॉलिशचा मागमूस नाही.

नंतर, जेवणं झाल्यावर, मी तुमचा तो गिलास उचलला. टाकून देणं मला जमलं नाही. गार राहिली नव्हती, पण चव बरोबर होती. तिने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडू हाये." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुम्हाले आवडली?"

मी म्हणालो, "हो. आवडली."

बाबा, नोकरीचा कागद आला त्या संध्याकाळी कारखान्यात बिअरची बाटली सुतळीने बांधून तुम्ही मिठाच्या हौदात सोडली होती. मध्येच वर ओढून पाहत होता, जास्त वेळ राहिली तर फुटते म्हणून. दोन स्टीलचे गिलास धुऊन ठेवले होते. कोणाला दिसू नये म्हणून आपण कंप्रेसरच्या मागे बसलो होतो, आणि मशीनच्या आवाजात काही बोलावं लागत नव्हतं. मी पहिला घोट घेतला तेव्हा तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहत होता. मोठ्याने विचारलंत, "कशी लागली?" मी म्हणालो, "कडू." तुम्ही हसलात. "नोकरी लागली आता, कडू लागनच." मग ते बनवण्याबद्दल बोललात, आणि माझा अर्धा गिलास तुम्हीच घेऊन पिऊन टाकलात, मला त्रास नको म्हणून. पुन्हा कधी दिली नाहीत.

मला ती आवडली होती. उन्हातून आल्यावर घशातून ती जी गार उतरली, तसं काही मी त्याआधी प्यायलो नव्हतो. तुमच्यासमोर आवडली म्हणायची लाज वाटली, एवढंच. उरलेला अर्धा गिलास मला हवा होता.